होडी

झिंगर मशीनच्या पोटात एक होडी असते.
बोटभर लांब, पुढून टोकदार,
आत निजलेलं बारीक रीळ.
रशियन लोक तिला होडीच म्हणायचे
आणि आम्ही, समुद्र फक्त शाळेच्या नकाशात पाहिलेले,
तेच म्हणत राहिलो.

आपा मॉस्कोला गेली त्या मार्चमध्ये
मी मशीनवरचं लाकडी झाकण उचललं,
सरकपट्टी मागे ओढली,
तर आत नुसती खोबण.
मूठ फिरत होती, सुई वरखाली होत होती,
कापडाला भोकं पडत होती रांगेनं,
टाका एकही नाही.

तिलेकनं आणि मी अतांकडे पाहिलं.
त्या हिवाळ्यात खोगीर गेलं होतं, रेडिओ गेला होता,
समोवारची पितळी तोटीसुद्धा.
अतांनी चुलीत दोन गोवऱ्या सारल्या.
बोलले काहीच नाहीत.

आत-बाशीच्या रविवारच्या बाजारात
मेंढ्या संपतात आणि भंगार सुरू होतं
तिथे सगिनबाय ताडपत्री अंथरून बसतो.
किल्ल्या हरवलेली कुलुपं, कुणाकुणाची पदकं,
एक डावा स्केट.
बिस्किटांच्या डब्यातून त्यानं सात होड्या काढल्या,
नखानं वाजवून पाहिल्या.
"सख्खी बहीण नाही यात.
ही चौथी घे, चुलत आहे."
दीडशे सोम, आणि वर माझ्या पिशवीतली भाकर.

चुलतबहीण खोबणीत अडकली.
केसभर जाड.
पुढच्या रविवारी त्यानं मला कानस दिली, उसनी.
"होडीला लावू नकोस, ती कडक पोलाद आहे.
खोबण घास.
पाहुणा आला की घरच्यांनीच सरकायचं असतं."

दहा वेळा घासायचं, चूर फुंकायचा,
होडी ठेवायची, मूठ अर्धी फिरवायची,
कान लावायचा.
पुन्हा दहा वेळा.
झाकणाच्या आत सोनेरी स्फिंक्स, नाक झिजलेला,
रात्रभर माझ्याकडे पाहत.
चौथ्या रात्री सुईनं खाली दोऱ्याचा फास सोडला
आणि होडी त्यातून गेली,
न अडखळता,
जणू रस्ता तिचाच.
मी तिलेकला उठवलं. तो म्हणाला, झोप आता.

तीन वर्षं.
तिलेकच्या दोन विजारी, मग त्याच उसवून लांब केलेल्या,
बुरमा-एजेच्या सुनेच्या आहेरातले सात तोशोक,
अतांच्या कोटाचं अस्तर.
कोट अंगात चढवताना
अता मशीनकडे पाठ करायचे.
मी ते ध्यानात ठेवलं होतं.

ऑगस्टमध्ये आपा आली.
चहा ओतायच्या आधी तिनं आतल्या खिशाची पिन काढली,
मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी
टेबलावर ठेवलं.
"विकलं असतं यांनी," ती माझ्याकडे बघत म्हणाली,
"होडीवाचून कोण घेतंय!"
अकराजणींच्या खोलीत उशीच्या अभ्र्यात होती म्हणे,
झाडूच्या कामावर खिशात.

अता दारात उभे. टोपी हातात.
"विकणारच होतो," ते म्हणाले.
"गिऱ्हाईक आणलं होतं. पट्टी ओढली, बघितलं,
माझ्या तोंडावर हसला आणि गेला."

पहिली हसली ती आपा.
मग तिनं आपली होडी खोबणीत बसवली,
मूठ धरली, सवयीनं, डोळे मिटून.
खडखड.
टीप सुटली, पुन्हा सुटली,
खाली दोऱ्याचा गुंता.
तिनं मूठ सोडली.
खोबणीच्या कडेवरून बोट फिरवलं,
जिथे लोखंड माझ्या हातानं चकचकीत झालं होतं.
पुन्हा एकदा फिरवलं.

बाहेर कुणीतरी गाढवाला हाका मारत होतं.

"बरं," आपा म्हणाली, चष्मा लावत,
"तुझी कशी भरतात, दाखव."
मी तिच्या शेजारी सरकले.
हिचं भोक डावीकडून आहे, आपा.
नाही, डावीकडून.